आमच्या मक्यात शिरलेली माणसं

प्रिय ब्रिटा,

सगळ्यात आधी पोचली ती लव्हॉनच, दुसरं कोण पोचणार! गाडी मक्यात घुसल्याचा आवाज ऐकून मी हातातला वाडगा खाली ठेवते न ठेवते, तोवर तुझी ही धाकटी आजी खजुराच्या वड्यांचं ताट घेऊन फाटकात उभी. मी म्हटलं, "अगं, या भाजल्यास कधी?" तर म्हणते, "सकाळीच. म्हटलं मका डोक्यावर गेलाय, आज ना उद्या कुणीतरी शिरणारच. रिकाम्या हातानं कशी येऊ?" ऑगस्ट लागला की ती खिडकीत दुर्बीण काढून ठेवते. पाखरं बघायला म्हणून. पाखरं! तुझ्या आजोबांच्या भावाशी लग्न करून ती समोरच्या घरात आली तेव्हापासून माझी जाऊ आहे, पण आजवर तिनं मला एका चिमणीचं नाव सांगितलेलं नाही. कुणाची गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी होती ते मात्र विचार.

तर निळी व्हॅन. पुढचं अर्धं अंग मक्यात, मागचं अर्धं रस्त्यावर, आणि चाकाखाली ती बाणाची पाटी, नेहमीसारखी आडवी. काउंटीवाले पाटी लावतात आणि माणसं ती पाडतात, दोघांनाही कामाला कमी नाही. कुणाला लागलं नव्हतं, देवाची कृपा. मक्यातून एकेक माणूस बाहेर यायला लागलं. आधी नवरा, मग बायको, मग मुलं, आणि सगळ्यांत शेवटी एक म्हातारी, माझ्याच वयाची, माझ्या कोपरापर्यंत पोचेल एवढी, डोक्याला फडका गुंडाळलेला आणि काखेत हातानं विणलेली झोळी. तिनं मक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जी हसायला लागली! मीही हसले. लव्हॉन म्हणाली, "दोघी ओळखता की काय एकमेकींना?"

वळण तुला आठवतंच. नॉरबी गावापासून रस्ता नाकासमोर येतो, जेवून झोप लागावी इतका सरळ, आणि नेमका आपल्या दाराशी आल्यावर एकदम उजवीकडे वळतो, थोडा कुंपणाला धरून चालतो आणि मग पुन्हा डावीकडे वळून आपल्या वाटेनं उत्तरेला निघून जातो. मका गुडघ्याएवढा असतो तेव्हा दिसतं. डोक्यावर गेला की नवख्या माणसाला रस्ता तसाच पुढं चाललाय असं वाटतं, आणि तो येतो आमच्या पाहुणचाराला. मी आठवीपर्यंतच शिकले, तेही एका खोलीच्या शाळेत. पृथ्वी गोल आहे असं बाईंनी सांगितलं होतं, पण मला ते पटलं या वळणामुळे. माझे वडील समजावायचे: सरकारची मोजणी करणारी माणसं चौकोनामागं चौकोन टाकत उत्तरेला निघाली. आता कलिंगडावर चौकटीचा टेबलक्लॉथ पसरून बघ. देठाकडे जाशील तसं कापड जास्त होतं, कुठंतरी चुणी घ्यावीच लागते. ती चुणी त्यांनी घेतली आमच्या दारात. त्यांच्या आधी इथं डकोटा लोक होते. ते ओढ्याच्या कडेनं चालायचे आणि त्यांच्या वाटेला असला झटका नव्हता. त्यांना हाकललं आणि मग हे चौकोन पाडले. शाळेत हे आम्हाला एका ओळीत उरकलं होतं आणि पुढची दोन पानं ट्रसकॉट साहेबावर होती. हा साहेब रेल्वेतला. त्याच्या नावाची काउंटी, पण तो स्वतः इथं कधी आलाच नाही. पुढं रेल्वेही गेली. नाव तेवढं राहिलं, जसं कुत्रं मेल्यावर साखळी राहते.

आणि लोकवस्तीचं म्हणशील, तर ती या वळणानंच केली असं मी म्हणते, लव्हॉनला विचार, तीही म्हणेल. नदीच्या उत्तरेला नॉर्वेकडचे लूथरन, दक्षिणेला आम्ही जर्मन कॅथलिक. नदी म्हणायची आपली पद्धत, ऑगस्टात कोंबडी चालत जाते त्यातून. पण लग्नाची गोष्ट निघाली की तीच नदी समुद्राएवढी व्हायची. तुझे आजोबा ऑर्व्हिल उत्तरेचे. नाचाला निघाले होते बापाचा ट्रक घेऊन, आणि शिरले माझ्या वडिलांच्या मक्यात. म्हणाले, वळण माहीत नव्हतं. इथून हाकेच्या अंतरावर जन्मलेला माणूस! मी आयुष्यभर त्यांच्याबरोबर नांदले, पण हे काही मला पटलं नाही. वडिलांनी ट्रक काढू दिला नाही, म्हणाले आधी मोडलेला मका तोड. तो तोडता तोडता ते घरजावई झाले आणि मी लूथरन झाले. घरावर वीज पडू नये म्हणून छपरावर लावायचे गज विकणारा एक फेरीवाला असाच शिरला आणि टपालवालीशी लग्न करून इथंच राहिला. एक नवा पाद्री शिरला, त्यानं त्या रविवारी सरळ मार्गावर प्रवचन दिलं आणि सगळं चर्च खाली माना घालून हसलं. पियानो नेणारा ट्रक शिरला, तो पियानो परत नेण्यासारखा राहिला नाही, म्हणून तू ज्याच्यावर बडवाबडवी करायचीस तो आपल्या बैठकीत आला. आता कुणी येत नाही, ब्रिटा. मुलं शाळा संपली की जातात. काउंटीत माणसांपेक्षा टर्की कोंबड्या जास्त झाल्यात, आणि चर्चमागच्या दफनभूमीतली वस्ती नॉरबीहून मोठी आहे. तिथली मंडळी भांडत नाहीत एवढाच फरक.

पण मी व्हॅनबद्दल सांगत होते. मर्लिन स्टोरली आपला ट्रॅक्टर घेऊन आला. आपली जमीन तोच कसतो, तुला माहीत आहे, आणि माणूस भला आहे, फक्त सरळ रांगांचं त्याला वेड आहे. साखळी लावता लावता मला म्हणाला, "पुढच्या वर्षी ही भानगड राहायची नाही, आर्लिस काकू. कापणी झाली की घर खाली येईल, झाडं खाली येतील, मग इथून तिथपर्यंत एक रांग. कुणी शिरलं तरी थेट पलीकडे निघेल!" त्याला वाटलं मला बरं वाटेल. मला चर्चजवळच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली मिळाली आहे, जिना नाही, बर्फ उपसणं नाही, हे तुझ्या बाबानं तुला सांगितलं असेलच. घराचं काय करायचं ते मी कापणीच्या आत मर्लिनला सांगायचं होतं. या काउंटीत रिकामं घर उभं राहत नाही, त्याचा मका होतो. गुंडरसनांच्या घराचा झाला, शाळेचा झाला. मी मर्लिनला म्हटलं, "बघू." मला ते नकोय, हे तो माझ्या चेहऱ्यावरूनच समजला. इथल्या माणसाला समजतं.

तर ती म्हातारी. तिच्या नातवंडांच्या भाषेत आजीला फी म्हणतात, म्हणून मीही फीच म्हणते. हे करेन लोक, ब्रह्मदेशाच्या डोंगरातले. आता नॉरबीच्या टर्कीचं मांस करणाऱ्या कारखान्यात निम्मी पाळी त्यांचीच असते, पण इतकी वर्षं दुकानात हसून नमस्कार करण्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. फी सरळ माझ्या परसात गेली. मला वाटलं फुलं बघेल. फुलांकडे ढुंकूनही बघितलं नाही तिनं. ओणवी झाली आणि माझं तण खुडायला लागली! घोळ, राजगिऱ्यासारखा तो दांडगा माठ, भोपळ्याच्या वेलीचे कोवळे शेंडे, सगळं खुडून झोळीत. मी धावले. म्हटलं, पाहुणी बाई, असं काम नका करू. तिची सून नॉ पॉ, ती इंग्रजी छान बोलते, ती लाजून म्हणाली, "आजी, त्या निंदत नाहीत. त्या बाजार करताहेत." म्हणजे भाजी गं! ज्याच्याशी मी जन्मभर कुदळ घेऊन लढले, ज्याच्यावर मर्लिन दरवर्षी विष फवारतो आणि जे दरवर्षी त्याला पुरून उरतं, ते या बाईच्या घरी लसूण घालून परततात. मर्लिन ट्रॅक्टरवरून बघत होता. त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस. फीनं त्यालाही एक मूठभर दिलं. त्यानं घेतलं, आणि दिवसभर कुठं ठेवावं हे न कळून खिशात घेऊन फिरला.

मग मी म्हटलं, आत चला, कॉफी घ्या. आता आपली रीत तुला माहीत आहे. पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं नको भिडेचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची ओढून बसायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस एक तर उपाशी असतो किंवा परराज्यातला. नॉ पॉ म्हणाली, "नको नको, आमचं झालंय." मी मनात म्हटलं, वा, संस्काराची मुलगी! त्यांच्यातही तेच आहे, ब्रिटा, आपल्याहून जास्त. मी तीनदा विचारलं तरी नको, लव्हॉननं तीनदा विचारलं तरी नको. माझा तर घसा सुकला. शेवटी मुलांनीच वड्यांचं ताट मोकळं केलं, तेव्हा मोठ्यांची अब्रू गेली आणि सगळे बसले. फीनं कॉफी घेतली, पेल्याचा तळ दिसतोय का ते वाकून पाहिलं आणि सुनेला काहीतरी म्हणाली. नॉ पॉनं मला त्याचा अर्थ सांगितला नाही. लव्हॉन म्हणते, "मी सांगते, पातळ आहे म्हणाली. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं."

मुलं घरभर फिरली. मोठी मुलगी वर तुझ्या खोलीत गेली आणि खाली येऊन तिनं विचारलं, ती खिडकी ओसरीच्या छपरावर उघडते का? मी म्हटलं, उघडते. रात्री त्या खिडकीतून कोण बाहेर पडायचं ते काही मी सांगितलं नाही. आजी म्हणून काही जबाबदारी असते. तेवढ्यात तिच्या बापानं, सॉ ले त्याचं नाव, टोपी हातात धरून मला विचारलं, "आजी, हे घर कधी विकणार असाल, तर आम्हाला सांगाल का? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईला माती लागते." अगं, माझ्या छातीत कबुतर फडफडलं. हेच तर मला हवं होतं! आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "छे, छे! या जुनाट घरात काय ठेवलंय? हिवाळ्यात वारा शिरतो, पावसात तळघरात बेडूक येतात, जिना करकरतो. तुमच्यासारख्यांनी कशाला घ्यावं?" म्हणजे, विचारा की अजून एकदा! आपल्यातल्या कुणालाही कळलं असतं की म्हातारी हो म्हणतेय. सॉ लेनं मान लववली, म्हणाला, "माफ करा आजी, विचारायला नको होतं." आणि टोपी घातली. फी माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलली, आणि गेली गं सगळी. व्हॅन धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत मी त्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी होते.

लव्हॉननं मला जे झाडलं! "आर्लिस, तुझ्या जिभेला काय धाड भरली होती? बेडूक? तळघरातले बेडूक काढलेस? मर्लिनसमोर कधी बेडूक काढले नाहीत!" मी म्हटलं, अगं, ते पुन्हा विचारतील असं वाटलं. "ते का विचारतील? सभ्य माणसं आहेत. सभ्य माणूस नाही म्हटल्यावर गप्प बसतो. आपण सभ्य नाही, आपण हट्टी आहोत." त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पाव करपला, रुबार्बच्या मुरंब्यात मीठ पडलं. मर्लिन दोनदा येऊन अंगणातली झाडं डोळ्यांनी मोजून गेला. मी खिडकीत बसून विचार करायची की या बैठकीत मक्याची किती ताटं येतील, आणि पियानोच्या जागी येतील ती बरी वाढतील का.

शेवटी रविवारी लव्हॉन गाडी घेऊन आली. करेन लोकांची प्रार्थना दुपारी आपल्याच चर्चच्या तळघरात असते. आम्ही काय म्हणून गेलो, तर कॉफीचं मोठं भांडं आणायला. ते भांडं तिथं कपाटात तू जन्मायच्या आधीपासून आहे आणि ते आणायचं आम्हाला काही कारण नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात तशातली गत, फक्त आम्ही भांड्यालाच पुढं केलं. तिथं जेवण चाललेलं. आम्हाला बसवलं, ताट वाढलं, आणि एका वाटीत काळपट काहीतरी होतं, मासे कुटून केलेली मिरचीची चटणी. आपल्या तिखटाची हद्द म्हणजे काळी मिरी, आणि तीही पाहुणे आले तरच. लव्हॉननं चमचाभर घेतली. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी, तोंड लाल, आणि तरी काय म्हणते, "वेगळी आहे." आपल्याकडे याहून वाईट शब्द नाही, पण बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांनी अजून वाढली.

मी उठले. सगळ्यांसमोर जे हवं ते तोंडानं मागायचं, असं मी लग्नातसुद्धा केलं नव्हतं. लव्हॉन नाक पुसत कुजबुजली, "माग, नाहीतर मी मागते, आणि मी मागितलं तर घर मलाच मिळेल." मी म्हटलं, "नॉ पॉ, मी परवा चुकीचं बोलले. घर तुम्ही घ्या." आणि ती काय म्हणाली असेल? "नको आजी, तुम्हाला त्रास." मी म्हटलं, त्रास कसला, घ्याच. सॉ ले म्हणाला, "नको, तुमच्या वडिलांचं घर आहे, आमच्यामुळे तुम्ही सोडायचं नाही." अगदी आपल्यासारखी माणसं गं! तेव्हा माझा धीर सुटला. म्हटलं, "अहो, मी चांगुलपणा करत नाही! मला तुम्ही हवे आहात. तुम्ही नाही आलात तर तिथं मका येईल, आणि मक्याला पियानो वाजवता येत नाही." मला वाटलं, संपलं. फीनं सुनेची बाही ओढून विचारलं काय चाललंय. सुनेनं सांगितलं. फी विचारात पडली आणि तिनं एकच गोष्ट विचारली. नॉ पॉ हसू दाबत म्हणाली, "त्या विचारताहेत, तो विष मारणारा माणूस अंगणात येणार का?"

म्हणून परत येताना आम्ही थेट मर्लिनकडे. घराभोवतीचं अंगण सोडून फवार, आणि त्याच्या कडेनं थोडा मका मागं घे, एवढंच मागणं. मर्लिनचं तोंड पडलं. "काकू, रांगा वाकड्या होतील." मी म्हटलं, रस्ता वाकडा आहेच, सोबत होईल. तो म्हणाला, शक्यच नाही. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, अवघड आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं. तो टोपी मागं सारून म्हणाला, "बरं." आणि मग आत गेला आणि बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "ती भाजी... लसूण किती घालायचा?" त्याच्या बायकोनं कोंबडीला घालण्याआधी थोडी परतली होती म्हणे. पैशाचं आणि कागदांचं तुझा बाबा वकिलाशी बोलून घेतो आहे, त्यात मला पडायचं नाही. जमीन मर्लिन कसतच राहील. घर, झाडं, परस आणि तण त्यांचं.

आता हे एवढं लांबण का लावलं ते सांगते, ब्रिटा. तुझे आजोबा नेहमी म्हणायचे, हे घर ब्रिटाचं. मीही तेच धरून बसले. मी दर ख्रिसमसला विचारायची आणि तू म्हणायचीस, "बघू, आजी." आपल्या काउंटीत बघू म्हणजे नाही, हे मर्लिनलासुद्धा कळतं, मग मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. तुझा आवाज फोनवर बारीक व्हायचा, तू घाईनं हवापाण्याकडे वळायचीस, आणि मी फोन ठेवून तुझ्या खोलीतली चादर बदलायची. तुझं काम मिनिआपोलिसला, तुझी माणसं तिथं, आणि तू आनंदात आहेस, हे तुझ्या आवाजात ऐकू येतं, फक्त घराचा विषय निघाला की जातं. म्हणून म्हटलं, हे लव्हॉनच्या तोंडून तुला कळण्याआधी मी सांगावं. आता तुला मला नाही म्हणायचं राहिलं नाही. मी विचारणंच बंद केलं. मी रडत नाही बरं का, लव्हॉन काहीही सांगेल, ते चटणीमुळे होतं. माझी नवी खोली चर्चला लागून आहे, म्हणजे दर रविवारी फी तळघरातून वर येऊन माझी कॉफी पिणार आणि नाक मुरडणार. तुझ्या सशाला जत्रेत बक्षीस मिळालेल्या रिबिनी आणि तुझ्या पियानोच्या वह्या मी खोक्यात भरून ठेवल्यात. तुला जमलं तर ये, घर बघायला नको, माणसं बघायला ये. मोठ्या मुलीला पियानोवर बोट कुठं ठेवायचं ते दाखवणारं कुणीतरी हवंय, मला काही येत नाही. घोळ फुलावर यायच्या आत खुडायला हवी असा फीचा निरोप आहे, म्हणून ती सगळी मंडळी येत्या शनिवारी, सकाळची पाळी सुटली की, परत येतो म्हणाली आहेत.

तुझीच,
वळणावरची आर्लिस आजी